रेडिओतली ओवी कर्ण्यावर

फौजेतून पेन्शनीवर घरी आले तेव्हा माझ्या यजमानांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्या कानानं त्यांना कुणीतरी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं ऐकू यायचं. सत्तर साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. वायरलेस सेट दुरुस्त करणं हे त्यांचं फौजेतलं काम. गावी ऊस होता, जमीन होती, पण ती दिरांच्या हातात व्यवस्थित चालली होती आणि मध्येच जाऊन त्यात हात घालायची यांची इच्छा नव्हती. त्यांनी कुंडलला, रस्त्याच्या कडेला एक गाळा घेतला आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. वर्षभरात त्याला लाऊडस्पीकरची जोड दिली.

ज्याला ऐकू येत नाही त्यानं आवाजाचा धंदा काढला, यावर गावानं हसायचं तेवढं हसून घेतलं. यांना ते हसणं ऐकू गेलं नाही, मला गेलं. मी मेढ्याकडची, जुनी अकरावी झालेली. दुकानात मी बसायला लागले ती केवळ गिऱ्हाइकाशी बोलायला. गिऱ्हाईक सांगायचं, मी ते मोठ्यानं यांच्या उजव्या कानात सांगायचे. पण रेडिओचं दुखणं शब्दांत सांगता येत नाही हे आठवडाभरातच कळलं. "आवाज खराब येतोय" म्हटलं की हे विचारायचे, "खराब म्हंजे कसा? जाड का बारीक? सारखा येतोय का मधीमधी?" मग आम्ही खुणा ठरवल्या. मूठ वळून हलवली की घूं असा जाड आवाज. बोटं एकमेकांवर चोळली की खरखर. पंजा उघडून वर नेला की शिट्टी. हात उभा धरून बोटं फाकवली की आवाज फाटतोय. मी खूण करायची आणि हे त्यावरून बरोबर तो भाग शोधून काढायचे. मग कुठल्या खुणेला कुठला भाग ते माझ्याही लक्षात राहायला लागलं. हातात तारांना कथलाचा डाग द्यायची तापती कांडी आली. दुसऱ्या वर्षी साधा बिघाड असला तर मी यांना विचारायचंही सोडून दिलं.

आमच्याकडे एक अँप्लिफायर होता. त्याला सगळे मशीनच म्हणत. दोन कर्णे होते, एक माइक होता आणि दुकानात आमचा स्वतःचा एक मोठा लाकडी रेडिओ होता. त्याच्या कपाळावर एक हिरवा दिवा होता. स्टेशन नीट लागलं की त्या दिव्याची हिरवी पट्टी मिटायची. कान नसले तरी हे त्या दिव्याकडे बघून कुणाहीपेक्षा अचूक स्टेशन लावत. आणि एक होता मिक्सर. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात यांनी स्वतः बसवलेला. वर तीन बटणं. मशीनमध्ये एका वेळी एकच आवाज नीट सोडता यायचा. हा डबा मध्ये घातला की तीन ठिकाणचे आवाज आत घेऊन, ज्याचा जेवढा हवा तेवढा ठेवून, मशीनकडे एकत्र पाठवता यायचे. लग्नात तबकडी वाजत असताना मध्येच "पाव्हण्यांनी जेवायला यावं" हे सांगायला तो फार कामाला यायचा. ती बटणं मीच फिरवायचे, कारण कुठला आवाज किती झाला हे मलाच कळत होतं.

संक्रांत झाली की पूर्वेकडच्या कोरड्या भागातनं मेंढरांचे कळप नदीकाठाला यायचे. आमच्या रानात दरवर्षी एकाच घरचा कळप बसायचा. त्यातल्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत. सत्तरीचा उंच माणूस, खांद्यावर घोंगडं, आवाज मात्र तरण्या पोराचा. आबा ओव्या गायचे. धनगरी ओवी म्हणजे एक अख्खी गोष्ट असते. थोडी गाऊन, थोडी सांगून पुढं जाते, आणि मागं सूर धरायला चार माणसं लागतात. रात्रभर चालली तरी ती संपत नाही.

त्या वर्षी आबा दुकानात आले ते एक पोस्टकार्ड घेऊन. सांगलीच्या रेडिओ केंद्रावरची माणसं मागच्या पंधरवड्यात त्यांच्या बिऱ्हाडावर आली होती आणि त्यांना व त्यांच्या चार साथीदारांना मोटारीतनं सांगलीला घेऊन गेली होती.

"काचंच्या खोलीत बसीवलं," आबा मला सांगत होते. "पंखा बंद केला. लय उकडत हुतं. म्हणलं, पंखा लावा की. तर ती माणसं म्हणली, न्हाई, त्येचा आवाज येतो. मग म्हणली, गा आता. समोर माणूस न्हाई, काय न्हाई. कुणाकडं बघून गायाचं?"

"मग?"

"मग काय, डोळं मिटलं आन् गायलो."

मी पोस्टकार्ड वाचून दाखवलं. येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला ओवी लागणार होती. आबांनी दोनदा वाचायला लावलं. मग यांच्याकडे वळून, यांना ऐकू जावं म्हणून, रान हादरेल अशा आवाजात विचारलं, "फौजी, आमास्नी ऐकाय मिळंल का? मी माजा आवाज कवा ऐकला न्हाई. बिऱ्हाडावर म्हातारी हाय, सुना हायत, बाकीची दोन बिऱ्हाडं हायत. समद्यास्नी ऐकायचं हाय."

हे म्हणाले, "बिऱ्हाडाचं काय घेऊन बसला आबा. गावाला ऐकवू. शाळेच्या पटांगणात कर्णं लावू."

आबा गेल्यावर मी यांना विचारलं, "कसं करणार?" कारण रेडिओ कर्ण्यावर ऐकवायची एकच रीत मला माहीत होती. रेडिओसमोर माइक ठेवायचा. गणपतीत, सभेत सगळे तेच करत. त्यानं रेडिओचा आवाज डब्यातनं आल्यासारखा यायचा, शेजारचं खोकणं मात्र स्वच्छ यायचं आणि जरा आवाज वाढवला की शिट्टी बसायची.

"माइक न्हाई लावायचा," हे म्हणाले. "फौजेत आमी सेटमधनं सरळ तार काढायचो. रेडिओच्या स्पीकरवर दोन तारा येतात. त्या दोन तारा मिक्सरात घालायच्या. मधी हवाच न्हाई, मग खोकणारा खोकू दे."

आम्ही रविवारी शाळेत जाऊन तालीम घेतली. मास्तर स्वतः हजर होते, कारण गुरुवारी सुरुवातीला दोन शब्द तेच बोलणार होते. यांनी रेडिओची पाठ उघडली, स्पीकरच्या दोन्ही टोकांना तारा जोडल्या आणि त्या मिक्सरच्या दुसऱ्या बटणाकडे आणल्या. पहिल्या बटणावर माइक होता. मी दुसरं बटण हळूच फिरवलं. कर्ण्यातून मोटार चिखलात रुतल्यासारखा घूं असा आवाज निघाला. कुठलीतरी बाई बातम्या सांगत होती, पण ती त्या आवाजाच्या खाली पार गाडली गेली होती. यांना काही कळलं नाही. ते रेडिओच्या हिरव्या पट्टीकडे बघून समाधानानं मान हलवत होते. मी मूठ वळून जोरात हलवली.

तेवढ्यात मास्तरांनी माइक हातात घेऊन तोंडाजवळ नेला आणि "हॅलो" म्हणायच्या आतच तो खाली टाकला. त्यांच्या ओठाला झटका बसला होता. फार मोठा नव्हता, पण माणूस पांढरा पडला.

"चावलं," ते ओठ चोळत म्हणाले. "वहिनी, हे चावलं."

मी आधी रेडिओचा प्लग उपटला, मग मास्तरांना पाणी दिलं. यांना झालेला प्रकार सांगितला तेव्हा यांनी कपाळाला हात लावला. रागावले ते स्वतःवरच. फौजेचे सेट बॅटरीवर चालायचे. आमचा रेडिओ घरच्या विजेवर चालणारा आणि स्वस्तातला. अशा रेडिओच्या आतला लोखंडी सांगाडा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. लाकडी पेटीच्या आत आहे तोवर कुणाला काही होत नाही. पण आम्ही आतून तार काढून मिक्सरला जोडली आणि मिक्सरचा पत्रा माइकच्या पत्र्याला जोडलेला होता. म्हणजे घरातली वीज आम्ही तारेनं मास्तरांच्या ओठापर्यंत पोचवली होती.

"ट्रान्झिस्टर लावून बघू," मी म्हणाले. मास्तरांकडे एक लहान होता, बॅटरीवरचा. तो लावून पाहिला. चावत नव्हता, पण मशीनच्या जवळ आणला की किंचाळायचा आणि लांब नेला की स्टेशन सुटायचं. यांनी तो परत केला. मग शाळेच्या फळ्यावर खडूनं दोन गुंडाळ्या काढल्या, शेजारी शेजारी, मध्ये दोन उभ्या रेघा.

"ह्यो ट्रान्सफॉर्मर," हे म्हणाले. "हिकडं एक गुंडाळी, तिकडं दुसरी. मधी लोखंड. दोन्ही तारा एकमेकीस्नी कुठंच चिकटत न्हाईत. आवाज हिकडनं तिकडं जातो, पण घरची लाइट जात न्हाई. रेडिओ आन् मिक्सरच्या मधी ह्यो घातला की मास्तर पायजे तेवढं बोलू देत."

मास्तर म्हणाले की ते जरा लांबूनच बोलतील.

तो भाग आमच्या दुकानात नव्हता. अख्ख्या कुंडलातही मिळण्यासारखा नव्हता. सांगलीला जायला हवं होतं आणि हे सांगलीच्या दुकानात गेले तर दुकानदाराचं यांना आणि यांचं दुकानदाराला काही कळलं नसतं. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी निघाले. बरोबर फळ्यावरचं चित्र कागदावर काढून घेतलं होतं, पण त्याची गरज लागणार नाही हे मला माहीत होतं.

दुकान पेठेत होतं. काउंटरवर चार पुरुष उभे होते. मी मागितलं, "आउटपुट ट्रान्सफॉर्मर द्या, रेडिओचा." दुकानदारानं माझ्याकडे न बघता एक डबा उघडला आणि एक लोखंडी तुकडा पुढं सरकवला. मी तो उलटा करून पाहिला.

"याला दोनच तारा आहेत," मी म्हणाले.

"मग?"

"मग ही एकच गुंडाळी झाली. हा चोक आहे. मला चार तारांचा पाहिजे."

आता त्यानं वर बघितलं. "बाई, असं करा, तुमच्या मिस्त्रीला पाठवा. उगाच चुकीचा माल जाईल आणि परत यायला लागेल."

"मिस्त्री मीच आहे," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी म्हटलं. घरातनं निघताना तसं काही ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि निघाल्यावर मला ते बरोबर वाटलं.

काउंटरवरचा एक जण हसला. दुकानदार हसला नाही. त्यानं दुसरा डबा उघडून तीन ट्रान्सफॉर्मर माझ्यासमोर ठेवले, चार-चार तारांचे, आणि म्हणाला, "यातला निवडा." ती परीक्षा होती हे माझ्या लक्षात आलं. मी मीटर मागितला. एकेकाची एक बाजू मीटरला लावली, मग दुसरी, आणि मग एक टोक या गुंडाळीचं आणि एक त्या गुंडाळीचं लावून पाहिलं. या शेवटच्या तपासणीत पहिल्या दोघांवर काटा जागचा हलला नाही. तिसऱ्यावर हलला.

"हा आतून चिकटलाय," मी तो बाजूला ठेवत म्हणाले. "यानं माणसाला झटका बसेल."

दुकानदारानं तो तिसरा उचलला, स्वतः मीटर लावून बघितला आणि मागच्या टोपलीत टाकला. तो परीक्षेसाठी ठेवला होता की खरंच त्याला माहीत नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि कशासाठी हवा आहे ते विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "रेडिओचा आवाज मिक्सरला फार जोरात जाईल. फाटेल. मध्ये दोन रेझिस्टन्स टाका, एक मोठा, एक लहान. बराचसा आवाज मोठ्यात अडेल आणि चिमटीभर पुढं जाईल." त्यानं ते कसे जोडायचे ते माझ्याच कागदाच्या मागं काढून दिलं. पुढं कितीतरी वर्षं मी त्याच दुकानात जात राहिले आणि माझ्यासाठी ते स्टूल आपोआप पुढं यायचं.

मंगळवारी सगळं जोडलं. दुकानदारानं सांगितलं तेच झालं. रेझिस्टन्स नसताना आवाज ताटावर वाळू टाकल्यासारखा फाटत होता. मी बोटं फाकवून खूण केली आणि यांनी ते दोन तुकडे डाग देऊन बसवले. ट्रान्सफॉर्मर आणि रेझिस्टन्स आम्ही लाकडाच्या फळीवर पक्के केले, वरून टेप गुंडाळली. माइक मी आधी टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही. मग स्वतःच्या हातात घेतला, मग ओठाला लावला. काही नाही. बटण फिरवलं, तर कर्ण्यातून बातम्या सांगणारी बाई अशी स्वच्छ बोलायला लागली की रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून दुकानात बघायला लागला, की बाई कुठं बसली आहे.

हे माझ्या हाताकडे बघत होते. मी कुठलीच खूण केली नाही.

"काय?" हे म्हणाले.

"काय न्हाई. काय बी न्हाई. निस्ता आवाज."

गुरुवारी सहालाच पटांगण भरलं. मागं आमचं गाव, पुढं घोंगडी अंथरून मेंढक्यांची तिन्ही बिऱ्हाडं. बायका, पोरं, आणि बिऱ्हाडं मोकळी ठेवता येत नाहीत म्हणून आळीपाळीनं पळत येणारी माणसं. मास्तरांनी आबांना आणि त्यांच्या चार साथीदारांना सगळ्यांत पुढं, टेबलाला लागून बसवलं होतं. टेबलावर रेडिओ, मिक्सर, मशीन आणि मी. हे कर्ण्यांच्या तारा तपासून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. मला भीती वाटत नव्हती. लाइट जाईल की काय एवढंच मनात येत होतं आणि ते काही माझ्या हातात नव्हतं.

मास्तर माइकपासून हातभर लांब उभे राहून दोन शब्द बोलले. मी त्यांचं बटण उतरवलं, माइक टेबलाच्या कडेला ठेवला आणि दुसरं बटण चढवलं. निवेदकानं सांगितलं की आता धनगरी ओवी ऐकू या. आबांचं नाव घेतलं, गाव सांगितलं. मेंढक्यांच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आणि आबांचा आवाज शाळेच्या कौलांवरून, चिंचेवरून, गावाच्या बाहेर गेला.

मी आबांकडे बघत होते. त्यांनी मान वर करून कर्ण्याकडे पाहिलं. मग शेजारच्या साथीदाराला हळूच विचारलं, "ह्यो मी?"

"तूच की," साथीदार म्हणाला.

"माजा आवाज असा हाय?"

"असाच हाय की, गड्या. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

ओवी दोन भावांची होती. दुष्काळात मेंढरं घेऊन नदीकडं निघालेले दोघं सख्खे भाऊ. वाटेत एका कोकरावरून त्यांचं बिनसतं. नदीला येतात, तर तिला पाणी चढलेलं. धाकटा रागात कळप पाण्यात घालून पलीकडं जातो, थोरला अलीकडं राहतो आणि पाणी आणखी चढतं. आता एक या तीराला, एक त्या तीराला. थोरला हाका मारतोय. पटांगणात लहान पोरंसुद्धा गप्प होती. आणि तेवढ्यात ओवी अर्ध्यावर असताना आबांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. निवेदक म्हणाला की वेळेअभावी इथंच थांबावं लागत आहे, आता शेतकरी बांधवांसाठी काही सूचना.

पटांगणातून "आं" असा एक लांबच लांब आवाज आला. आबा ताठ झाले.

"आवं, ही संपली न्हाई," ते मला म्हणाले. "मी पुरी गायली हुती. भाऊ भेटत्यात की शेवटाला. ह्येंनी कापली."

"वेळ कमी पडला असंल, आबा."

"भाऊ तसंच ठिवायचं व्हय? दोन तीराला?"

मागं उसाचे मोठे बागायतदार बसले होते. त्यातले एक उठून म्हणाले, "वहिनी, रेडिओ चालू ठेवा. उसाच्या खोडकिड्याबद्दल सांगणार हायत. आमी त्येच्यासाठी आलोय."

मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आबांकडे. यांना विचारायला वेळ नव्हता आणि काय चाललंय ते त्यांना ऐकूही आलं नव्हतं. मी माइक उचलून आबांच्या समोर ठेवला. म्हणाले, "आबा, थोरला हाक मारतोय. तिथनं धरा. मी 'हं' म्हणेस्तोवर थांबा."

आबांनी साथीदारांकडे बघितलं. चौघंही सावरून बसले. मी एका हातानं रेडिओचं बटण धरलं आणि दुसऱ्या हातानं माइकचं. एकदम बंद करून एकदम चालू केलं असतं तर मध्ये खड्डा पडला असता. मी रेडिओ उतरवत नेला, निवेदकाचं बोलणं पुटपुटण्याइतकं झालं, आणि मी "हं" म्हटलं. आबांनी डोळे मिटून हाक दिली. त्याच सुरात, त्याच उंचीवर, जिथं रेडिओनं सोडली होती बरोबर तिथंच. मी माइक चढवत गेले. मागच्या चौघांनी धरलं. ज्यांचं लक्ष टेबलाकडे नव्हतं त्यांना वाटलं रेडिओवरच परत चालू झाली. आबांची म्हातारी तर कर्ण्याकडे बघूनच ऐकत होती. नवरा चार हातांवर बसून गातोय हे तिला सुनेनं दाखवलं तेव्हा कळलं.

बागायतदार टेबलापर्यंत आले. "आवं, खोडकिडा," ते म्हणाले.

"ऐकते मी," मी म्हणाले, "तुमी बसा." रेडिओचा स्वतःचा स्पीकर बारीक चालू होता. मिक्सरवर तो बंद होता, पण पेटीतून बोलत होता. मी उजवा कान लाकडाला टेकवला, डावा पटांगणात ठेवला, दोन्ही हात बटणांवर. अर्धा तास मी तशी वाकून बसले. एका कानानं भाऊ नदीच्या दोन काठांनी वर वर चालत गेले, जिथं नदी ओढ्याएवढी होते तिथपर्यंत. तिथं थोरल्यानं पाण्यात पाय घातला. दुसऱ्या कानानं पोखरलेली रोपं कशी ओळखायची, ती उपटून कुठं जाळायची आणि बेणं कसं निवडायचं ते मी ऐकून घेतलं. ओवी संपल्यावर मी बागायतदारांना सगळं ओळीनं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरंही मला देता आली. ते म्हणाले, "बरं झालं. रेडिओवर ऐकलं असतं तर निम्मं इसरलो असतो."

दुसऱ्या दिवशी आबांचा कळप हलणार होता. जाताना ते दुकानाशी थांबले. मेंढरं रस्ताभर पसरली होती आणि एक एसटी मागं अडून राहिली होती, पण आबांना घाई नव्हती.

"सूनबाई, एक सांगू?" ते म्हणाले. "त्यो रेडिओतला म्हातारा माज्यापेक्षा बरा गातो."

"का ओ आबा?"

"त्याच्या गाण्यात घाई न्हाई. मी समोर माणसं बगितली की पळतो. काल पळालो. शेवट लौकर केला. तुमच्या ध्यानात आलं नसंल."

आलं होतं. पण मी तसं म्हणाले नाही. एसटीच्या ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला तेव्हा आबांनी काठी उचलली आणि मेंढरं बाजूला घेतली.

त्या महिन्यापासून आम्हाला पार कऱ्हाडपासून बोलावणी येऊ लागली आणि पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याचंही एक मोठं काम मिळालं. लोक यायचे ते "मशीनवाल्या वहिनी आहेत का" असं विचारत. यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. फार फार तर, "वहिनी आत हायत, पण मिक्सर म्या बांधलाय," एवढं ते म्हणायचे.

आबांचा कळप हलला त्या दुपारी आम्ही दुकानातच भाकरी खात होतो. यांनी मला विचारलं, "काल तू रेडिओवरनं माइकवर आणलंस, तवा कसं झालं? मला कायच कळलं न्हाई. माणसं हलली न्हाईत एवढं बगितलं."

मी यांना सगळं सांगितलं. निवेदक कुठं थांबला, मी बटण कुठवर उतरवलं, आबांनी कुठला सूर धरला, आणि दोन आवाज मध्ये श्वासभर कसे एकत्र होते. मोठ्यानं, उजव्या कानाशी, भाकरी हातात घेऊन. यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "सांधा कळला?"

"कुणालाच न्हाई."

"आबांना?"

"त्येंनाबी न्हाई."

यांनी हातातली भाकरी संपवली. मग म्हणाले, "मिक्सरला आणखी एक बटण बसवू. चार करू. तुला लागंल." आणि आमटीची वाटी माझ्याकडे सरकवून स्वतः बिस्किटाचा नवा डबा शोधायला उठले.